जो वर्गावर उभा राहतो, त्यालाच व्यासपीठ

दरवर्षी ५ सप्टेंबर आला की शिक्षक दिन साजरा होतो. हारतुरे होतात, गुरुजनांच्या थोरवीवर भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा मतदारयादी, सर्वेक्षण आणि पोषण आहाराच्या हिशेबात बुडून जातात. त्या भाषणांत आणखी एकाची भर घालण्यासाठी हा अग्रलेख नाही. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या कितीतरी घरांत आज कोणी ना कोणी शिक्षक आहे. कुणाची पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, कुणाची सून खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते, कुणाचा भाऊ आश्रमशाळेत आहे. त्यांच्या पेशात गेली काही वर्षे एक गोष्ट घडते आहे. ती आपल्या कामाशी इतकी मिळतीजुळती आहे की तिची दखल कामगार चळवळीने घेतलीच पाहिजे.

शाळेत संगणक आला, पडदा आला, प्रोजेक्टर आला, आता मोबाईलवरची ॲप आली. दर वेळी ते वापरायचे कसे हे गुरुजींना सांगायला बाहेरून कोणीतरी आले. कधी कंपनीचा माणूस, कधी वरचा अधिकारी, कधी शहरातला तज्ज्ञ. चाळीस-पन्नास मुलांसमोर ते यंत्र रोज चालवणाऱ्याला मात्र ‘तुमचा अनुभव काय?’ असे विचारणारा क्वचितच भेटला. या रीतीला देशोदेशीच्या शिक्षकांनी एक उत्तर शोधले. त्यांनी परिषदा भरवल्या आणि तिथल्या व्यासपीठावर स्वतः उभे राहिले. शिक्षकाने शिक्षकांपुढे यायचे, आपण वर्गात काय केले, काय साधले, काय फसले ते सांगायचे आणि प्रश्नांना तोंड द्यायचे. याला तिकडे सेशन सादर करणे म्हणतात, आपण सत्र म्हणू. हे व्यासपीठ काम करणाऱ्याच्या हाती राहते की माल विकणाऱ्याच्या हाती जाते, हा खरा प्रश्न आहे. आणि तो एकट्या शिक्षकांचा नाही.

परिषदेचे दोन भाग

अमेरिकेत १९७९ साली आयोवा राज्यात शिक्षणातील संगणकावर एक राष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी ऑरेगन राज्यात डेव्हिड मूरसुंड या प्राध्यापकांनी संगणक वापरणाऱ्या शिक्षकांची एक संस्था उभी केली. १९८९ साली ती दुसऱ्या संस्थेशी एकत्र होऊन आज ‘इस्टी’ या नावाने ओळखली जाणारी संघटना झाली. आयोवात सुरू झालेली परिषद दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत भरत राहिली आणि २०१० पासून ती ‘इस्टी’च्याच नावाने भरू लागली. इंग्लंडात लंडनला १९८५ पासून ‘बेट’ नावाचे मोठे प्रदर्शन भरते. १९७९ साली आपल्याकडे आरक्षणाचे काम मोठमोठ्या रजिस्टरांवर हातानेच चालत होते. दिल्लीला संगणकीय आरक्षण सुरू झाले ते १९८५-८६ साली. म्हणजे आपल्या खिडकीवर संगणक यायच्या आधीच ‘हे यंत्र कामात कसे वापरावे’ याची चर्चा तिकडचे शिक्षक एकत्र बसून करू लागले होते.

अशा मोठ्या परिषदेचे दोन भाग असतात. एक भाग बाजाराचा. प्रचंड मोठ्या दालनात कंपन्यांची दुकाने मांडलेली असतात. चकचकीत पडदे, फुकट पिशव्या आणि पेने, हसतमुख विक्रेते. जत्रेत माणूस हरवावा तसा शिक्षक तिथे हरवतो. दुसरा भाग खोल्यांचा. या लहानमोठ्या खोल्यांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत सत्रे चालतात. बाजारावर परिषदेचा खर्च बराचसा निघतो, पण परिषदेची अब्रू राहते ती खोल्यांतल्या सत्रांवर. घरी जाताना शिक्षक जे बरोबर नेतो ते बहुधा तिथलेच असते.

सत्र मिळते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. परिषदेच्या कितीतरी महिने आधी अर्ज मागवतात. अर्जात लिहावे लागते की मी अमुक गोष्ट मांडणार, ऐकणाऱ्याला तिचा उपयोग असा होईल, मिनिटांची वाटणी अशी असेल आणि माझ्या म्हणण्याला आधार हा आहे. हे अर्ज तपासणाऱ्यांत याच पेशातली, स्वयंसेवक म्हणून काम करणारी माणसे असतात. म्हणजे ड्रायव्हरच्या कामाबद्दल काय सांगण्यासारखे आहे हे ड्रायव्हरांनीच ठरवावे, तसला प्रकार. सत्रात माल खपवण्याचे भाषण चालत नाही असा नियम ‘इस्टी’सारख्या परिषदांत असतो. कंपनीला बोलायचेच असेल तर तिचे सत्र कंपनीचे म्हणून वेगळे दाखवतात. नियम किती पाळला जातो हा वादाचा मुद्दा आहे. पण नियम आहे, म्हणून बोट तरी दाखवता येते.

सत्रांचे प्रकारही अनेक आहेत. एक साधे भाषणाचे. दुसरे हाताने करून पाहण्याचे, त्यात ऐकणाऱ्यांपुढेही यंत्र असते आणि बरोबर बसून शिकायचे असते. तिसरे चार-पाच जणांच्या चर्चेचे. चौथा प्रकार मला विशेष आवडतो. त्याला पोस्टर सत्र म्हणतात. एका लांब दालनात टेबले मांडतात. प्रत्येक टेबलामागे एक शिक्षक, त्याच्या मागे भिंतीवर तक्ता, पुढे मुलांनी केलेले काम. काही ठिकाणी विद्यार्थीही बरोबर येऊन आपले काम दाखवतात. ऐकणारा फिरत फिरत येतो, थांबतो, विचारतो, पटले तर बसतो, नाही तर पुढे जातो. माईक नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. ज्याला हजार माणसांपुढे बोलायची भीती वाटते तोही दोन माणसांशी मोकळेपणाने बोलतो.

विक्रेत्याला जे ठाऊक नसते

कोणी म्हणेल, यंत्र ज्याने बनवले त्यानेच ते समजावून सांगितले तर बिघडले कुठे? त्याला काही गोष्टी चांगल्या ठाऊक असतात हे मान्यच आहे. कुठली कळ कशासाठी, नवीन सोय कोणती, बिघाड झाला तर फोन कुठे करायचा, हे त्यानेच सांगावे. पण यंत्र चालू असतानाची माहिती त्याच्याकडे असते. ते बंद पडल्यावर समोर बसलेल्या मुलांचे काय करायचे, हे वर्गावर उभ्या असलेल्यालाच शिकावे लागते. तासाला वीज गेली, एका पडद्यासमोर तीन इयत्ता एकत्र बसल्या आहेत, मागच्या बाकावरच्या मुलीला अक्षर दिसत नाही पण ती सांगायला लाजते, चित्रफितीतले हिंदी किंवा इंग्रजी पाड्यावरच्या मुलांना कळत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात यांतले काही छापलेले नसते. ज्याचे जळते त्यालाच कळते.

२०२० साली करोनाच्या काळात हे साऱ्या देशाने पाहिले. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले. घरात फोन एकच, तोही बाप कामावर जाताना घेऊन जाणार, भावंडे तीन, आणि रेंज गावाबाहेरच्या टेकडीवर. त्या दिवसांत कितीतरी शिक्षक देवळाच्या पारावर, झाडाखाली, अंगणात पाच-पाच मुले बसवून शिकवत होते. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना फोनवरून धडे पाठवत होते आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी कागदावर स्वाध्याय लिहून घरोघर पोचवत होते. तंत्रज्ञान कुठे उपयोगी पडते आणि कुठे हात टेकते, याचे ज्ञान त्या शिक्षकांनी अनुभवाने कमावलेले आहे. ते ज्ञान सत्रांतून मांडले गेले नाही तर ते त्यांच्याबरोबरच निवृत्त होईल.

बाजाराचा हा दाब शिक्षकांनी ओळखला आणि त्यावर त्यांनीच दोन साधे उपाय काढले. २००६ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे काही शिक्षक संध्याकाळी एकत्र जमले. त्यातून ‘टीचमीट’ नावाची रीत रूढ झाली. कोणीही शिक्षकाने उठावे आणि सात मिनिटांत, नाहीतर दोनच मिनिटांत, आपण वर्गात केलेली एक गोष्ट सांगावी. वेळ संपली तरी जो थांबत नाही त्याच्या अंगावर कापडाचा उंट फेकायचा, अशीही गंमत तिथे चालते. आपल्या अधिवेशनांत असा एखादा उंट ठेवला तर कित्येक प्रतिनिधी दुवा देतील! दुसरा उपाय अमेरिकेतला. मे २०१० मध्ये फिलाडेल्फिया शहरात ‘एडकॅम्प’ नावाचा मेळावा झाला. त्यात आधी ठरवलेली कार्यक्रमपत्रिकाच नव्हती. सकाळी फळ्यावर कोऱ्या चौकटी आखायच्या, ज्याला बोलायचे आहे त्याने आपला विषय तिथे लावायचा आणि दिवस सुरू. एखादे सत्र उपयोगाचे वाटले नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जाण्यात कोणी अपमान मानायचा नाही. फी नाही, विक्रेता नाही. पुढे हे मेळावे अनेक देशांत भरू लागले. खर्च किती? शाळेची मोकळी खोली आणि चहा.

आपल्या देशात

आपल्याकडे प्रशिक्षणाची रीत वरून खाली येणारी आहे. दिल्लीत काही जणांना शिकवायचे, त्यांनी राज्यात, राज्याने जिल्ह्यात, जिल्ह्याने तालुक्यात. २०१९ साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमाचे उद्दिष्ट सुमारे ४२ लाख शिक्षक आणि शाळाप्रमुखांपर्यंत पोचण्याचे होते. एवढ्या मोठ्या देशात अशी उतरंड काही प्रमाणात लागणारच. पण दर पायरीवर थोडे सांडते आणि तळाला पोचेपर्यंत बऱ्याचदा घागर रिकामी होते. शिवाय या उतरंडीत पाणी फक्त खाली येते. तळच्या माणसाचा अनुभव वर चढण्याची वाट त्यात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. हे ५० तास निव्वळ ऐकण्यात जाणार की त्यांतले काही सांगण्यातही जाणार, हे शिक्षकांच्या संघटनांनी विचारायला हवे.

महाराष्ट्रात या बाबतीत काही चांगले घडलेले आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्या काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द गावोगाव रूढ झाला. लोकवर्गणीतून शाळांनी पडदे आणि प्रोजेक्टर घेतले. ‘शिक्षणाची वारी’ या नावाने भरलेल्या मेळाव्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक आपापले उपक्रम टेबलावर मांडून उभे राहिले आणि दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या शिक्षकांनी ते पाहिले, विचारले, वहीत उतरवून घेतले. वर सांगितलेल्या पोस्टर सत्राचाच हा मराठी अवतार. वारीत सगळे पायी चालणारे, कोणी कोणाला गुरू नाही आणि कोणी चेला नाही. ते नाव निवडणाऱ्याला मर्म कळले होते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपल्याला माहीत आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून मुलांपर्यंत ध्वनिफिती, चित्रफिती आणि स्वाध्याय पोचवण्याचे काम त्यांनी आपल्या शाळेत केले. पुढे राज्याच्या आणि राष्ट्रीय पातळीवरच्या पुस्तकांतही असे कोड छापले गेले. १० लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली, ही गोष्ट कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. खेड्यातल्या शाळेतली कल्पना देशाच्या पुस्तकापर्यंत गेली, कारण ती कोणीतरी लोकांपुढे मांडली. मांडली न गेलेली अशी किती कामे गावोगाव पडून असतील?

केरळचे उदाहरण संघटनेच्या दृष्टीने याहून मोठे आहे. तिथे २००१ साली शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला अभ्यासक्रम एका बड्या परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बेतलेला होता. शिक्षकांच्या संघटनेने त्याला हरकत घेतली. सरकारी शाळांतल्या मुलांना एकाच कंपनीच्या मालाची सवय का लावायची, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे राज्याच्या शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या, आणि ते शिकवायला शाळांतलेच शिक्षक मुख्य प्रशिक्षक म्हणून तयार करण्यात आले. शिक्षकांना यंत्राची माहिती होती आणि बोलायला संघटना होती, म्हणून हे झाले. या दोहोंपैकी एकच असते तर झाले नसते.

सत्र चांगले कसे होते

आपल्या घरातल्या शिक्षकाला, किंवा उद्या आपल्यालाही, असे सत्र घ्यायची वेळ आली तर काय करावे? अशा परिषदांच्या अनुभवातून उतरलेल्या काही गोष्टी इथे देतो.

पहिली गोष्ट, एका सत्रात एकच मुद्दा घ्यावा. ‘शिक्षणात तंत्रज्ञानाचे महत्त्व’ हा विषय निबंधाचा झाला. ‘तिसरीच्या मुलांचा वाचनाचा आवाज मोबाईलवर नोंदवून त्यांनाच ऐकवला, तेव्हा काय झाले’ हा विषय सत्राचा. ऐकणारा सोमवारी आपल्या वर्गात जाऊन ते करून पाहू शकला पाहिजे.

दुसरी गोष्ट, फसलेले सांगावे. सगळेच गोड झाले असे सांगणाऱ्यावर अनुभवी माणूस विश्वास ठेवत नाही. किती मुलांना जमले, किती जणांना नाही, पैसे किती लागले, ते कोणी दिले, यंत्र किती वेळा बंद पडले, हे आकडे सांगितले की खोली जागी होते. गाडी वेळेवर गेली याची नोंद सगळे ठेवतात, पण शिकायला मिळते ते उशिराच्या कारणांतून.

तिसरी गोष्ट, पडद्यावर लिहिलेले वाचून दाखवू नये. पडद्यावर मुलांचे काम दाखवावे आणि बोलावे आपल्या तोंडाने. मात्र मुलाचे नाव किंवा फोटो दाखवायचा असेल तर पालकांची परवानगी आधी घ्यावी. गरिबाच्या पोराचाही मान असतो. त्याच्या कच्च्या अक्षराची जाहिरात होता कामा नये.

चौथी गोष्ट, वीज आणि इंटरनेट नसेल असे धरूनच तयारी करावी. दाखवायचे ते आधी उतरवून बरोबर न्यावे आणि दोन तक्ते कागदावरही काढून न्यावेत. परिषदेच्या खोलीत यंत्र अडले तरी ज्याचे सत्र अडत नाही, त्याचा वर्गही अडत नाही, हे ऐकणाऱ्यांना न सांगता पटते.

पाचवी गोष्ट, निम्मा वेळ प्रश्नांना ठेवावा आणि जाताना एक पानभर टिपण हातात द्यावे. भाषण विसरले जाते, पण पान वहीत राहते.

सहावी गोष्ट भाषेची. मराठी शाळेतला अनुभव मराठीतच सांगावा. तो इंग्रजीत सांगितला म्हणजे वजनदार होतो, हा गैरसमज आहे. बडोदा, इंदूर, हैदराबाद, हुबळी इथे राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तिथल्या परिषदेत हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कानडीत बोलावे लागेल, तर तसे बोलावे. ऐकणाऱ्याला कळते ती सत्राची भाषा.

आक्षेप आणि मागण्या

या परिषदांवर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही रास्त आहेत. पहिला आक्षेप असा की शिक्षक परिषदेला गेला की वर्ग उघडा पडतो. दोन शिक्षकी शाळेतला एक गेला तर दुसऱ्याच्या गळ्यात सगळ्या इयत्ता येतात. म्हणून असे मेळावे सुट्टीच्या काळात किंवा अगदी जवळ भरले पाहिजेत. आपल्याकडे केंद्रशाळेत शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रके वाचून दाखवण्यात वेळ घालवण्यापेक्षा तीन शिक्षकांना सात-सात मिनिटे दिली तर ‘टीचमीट’ आपल्या दारातच झाली. त्यासाठी कोणी विमानात बसायला नको.

दुसरा आक्षेप, ठरावीक चेहरेच सगळीकडे दिसतात. ज्याला बोलता येते, ज्याची ओळख आहे, ज्याला घरी कोणी अडवत नाही, तोच पुढे जातो. खूप काम करणारी पण अबोल अशी बाई मागेच राहते. संध्याकाळच्या आणि मुक्कामाच्या कार्यक्रमाला येणे तिला घरामुळे कठीण असते. निवड करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले नाही तर व्यासपीठ पुन्हा मूठभरांचे होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. काही कंपन्या निवडक शिक्षकांना पदव्या आणि बिल्ले देतात, प्रवासखर्च देतात, आणि मग तो शिक्षक सत्रात त्यांच्याच मालाची भलामण करतो. विक्रेत्याला दारातून बाहेर काढले तरी तो असा खिडकीतून आत येतो. यावर उपाय एकच. सत्राच्या आरंभी सांगावे की माझा खर्च कोणी केला आणि कोणाकडून मला काय मिळाले. ज्याने काही घेतले नाही त्याला हे सांगायला अडचण नाही. ज्याने घेतले त्याचेही ऐकावे, पण माहीत असून ऐकावे.

हा आक्षेप मुळात खर्चाच्या प्रश्नातून येतो. पुष्कळ परिषदांत सत्र घेणाऱ्यालाही नोंदणीचे पैसे भरावे लागतात. प्रवास आणि मुक्काम खिशातून, रजा स्वतःची. शिक्षणसेवक किंवा विनाअनुदानित शाळेतला शिक्षक हा खर्च कुठून करणार? मग कंपनीचा हात पुढे येतो आणि तो धरला जातो. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या कामाचा अनुभव सहकाऱ्यांना सांगणे हा कामाचाच भाग आहे. तो दिवस कर्तव्यावरचा धरला पाहिजे आणि भाडे-भत्ता शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने दिला पाहिजे. व्यवस्थापनाने पैसे दिले नाहीत तर विक्रेता देईल, आणि मग सत्रात कोणाची बाजू मांडली जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

रेल्वे-टपाल कामगारांनी काय घ्यावे

आता आपल्याकडे वळू. टपाल खात्याची नवी संगणक प्रणाली ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातील कार्यालयांत आली. ती बसवताना काही कार्यालयांत व्यवहार एखादा दिवस बंद ठेवावे लागले. ग्रामीण शाखा डाकघरांत हातातली यंत्रे २०१७-१८ पासून पोचली. रेल्वेत आरक्षणापासून हजेरीपर्यंत आणि रजेपासून पासापर्यंत सगळे पडद्यावर आले. कर्मयोगी नावाच्या पोर्टलवर धडे आहेत, प्रमाणपत्रे आहेत. ती जरूर घ्यावीत. पण खिडकीपुढे तीस माणसांची रांग उभी असताना यंत्र गप्प झाले तर पहिल्या म्हाताऱ्या पेन्शनरला काय सांगायचे, हे त्या धड्यात नाही. ते शेजारच्या खिडकीवरच्या ताईंना माहीत आहे. त्यांना कोणी ‘सत्र घ्या’ असे म्हटले आहे का?

आपल्या चळवळीला ही कल्पना परकी नाही. १९५८ साली केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचा कणा ‘श्रमिक शिक्षक’ हाच होता. संघटनेने निवडलेल्या कामगाराला प्रशिक्षण द्यायचे आणि त्याने आपल्या कामाच्या जागी परत येऊन सोबत्यांचे वर्ग घ्यायचे. जुन्या पिढीतल्या कित्येक कार्यकर्त्यांना कायद्याची पहिली ओळख अशाच वर्गांत झाली. ब्रिटनमधील कामगार संघटनांनी पुढचे पाऊल टाकले. तिथे २००२ च्या कायद्याने संघटनेच्या ‘शिक्षण प्रतिनिधी’ला सोबत्यांच्या शिक्षणाच्या कामासाठी पगारी वेळ मिळण्याचा हक्क दिला. तो २००३ पासून अमलात आला. इंग्लंडमध्ये सरकारने संघटनांच्या शिक्षणनिधीला दिलेले अनुदान २०२१ साली बंद केले, पण पगारी वेळेचा हक्क कायद्यात राहिला. अनुदान एका आदेशाने जाते, कायद्यातला हक्क सहसा इतक्या सहज जात नाही, हा त्यातला धडा.

म्हणून शाखांना आमचे तीन गोष्टींचे आवाहन आहे. एक, प्रत्येक शाखेने तीन महिन्यांतून एक संध्याकाळ कामाच्या सत्रांसाठी ठेवावी. तिघांनी बोलावे, प्रत्येकी सात मिनिटे, विषय आपल्याच टेबलाचा, खिडकीचा किंवा यार्डाचा. त्यांत एक बहीण आणि एक नवा भरती झालेला सभासद असावाच. दोन, नवीन यंत्र किंवा प्रणाली येईल तेव्हा तिच्या प्रशिक्षणात ती आधी वापरलेल्या कर्मचाऱ्याचे सत्र असावे आणि तो दिवस कर्तव्याचा धरावा, ही मागणी शाखांनी प्रशासनाबरोबरच्या बैठकीत ठेवावी. तीन, आपल्या वसाहतीतल्या आणि घरातल्या शिक्षकांना एकदा युनियनच्या कार्यालयात बोलवावे. त्यांनी वर्गात यंत्र कसे वापरले ते सांगावे, आपण खिडकीवर कसे वापरतो ते सांगावे. दोघांनाही कळेल की आपले दुखणे एकच आहे आणि औषधही बरेचसे एकच आहे.

यंत्राला विरोध करण्याचे दिवस केव्हाच मागे पडले, आणि यंत्रापुढे मान खाली घालून बसणे तर आपल्या स्वभावातच नाही. यंत्र येईल, बदलेल, जाईल. ते वापरताना कमावलेले शहाणपण ज्याचे आहे त्याने ते उभे राहून, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या सोबत्यांना सांगितले पाहिजे. शिक्षक ते करू लागले आहेत. येत्या शिक्षक दिनी त्यांना हार घालाच, पण त्याबरोबर सात मिनिटे द्या आणि ऐका. आणि पुढची सात मिनिटे स्वतः घ्यायची तयारी ठेवा.